थांबामामा आणि आत्याचा उजेड

आधी तो आवाज कसा काढायचा ते सांगते, नाहीतर माणूस कळायचा नाही. डोळे अर्धे मिटायचे. उजवा पंजा वर, रस्ता ओलांडताना आपण गाडीवाल्याला दाखवतो तसा. नाकातून एक लांब श्वास. मग ‘थां’वर ऐसपैस बसायचं, पाय पसरून, आणि उठावंसं वाटलं की ‘बा’वर उतरायचं. थांऽऽऽबा. झालं. हा माझा मामा.

त्याला खरं नाव आहे, पण ते फक्त विजेच्या बिलाला उपयोगी पडतं. आमच्याकडे तो थांबामामा. फोन उचलला की थांबा, कारण चष्मा सापडत नसतो. चहा पुढे केला की थांबा, कारण तो निवायला हवा. निवला की थांबा, कारण आता जरा गरम करून हवा. मामी सांगते, “हा लग्नाचं विचारेल म्हणून वाट बघता बघता मी म्हातारी व्हायची पाळी आली. शेवटी मीच विचारलं. तर म्हणतो कसा, थांबा!” हे सांगताना मामी कपाळावर हात मारून घेते, पण तो हात इतक्या लाडाने पडतो की त्याची नक्कल मला अजून जमलेली नाही.

धंदा त्याचा काचेचा. सुरुवातीला तो खिडक्यांना काचा बसवायचा. पण बसवलेली काच गळली की शिव्या बसवणाऱ्यालाच, म्हणून त्याने पाणी नेमकं येतं कुठून हे बघायला सुरुवात केली आणि मग त्याला त्याचाच नाद लागला. आता तो काचेच्या छपरांची गळतीच शोधतो. कुठल्याशा बेकरीत तो एकदा गळक्या झरोक्याखाली सबंध दिवस स्टूल टाकून वर बघत बसला होता. बेकरीवाल्याला वाटलं, हा फुकट पावासाठी बसलाय. संध्याकाळी त्याने दया येऊन दोन पाव दिले. मामाने ते खाल्ले, तोंड पुसलं आणि गळती कुठे आहे ते सांगितलं.

आता बाबा. बाबा बसडेपोत वेळापत्रक आखतात. एक बस पाच मिनिटं उशिरा निघाली तर त्यांना घरी बसल्या ठसका लागतो. असा माणूस आणि थांबामामा एका घरात आले की काय होतं ते तुम्हीच समजा. बाबा मामाला समोर ‘अहो’ म्हणतात आणि मागे आईला म्हणतात, “तुमचे बंधुराज.” हा ‘तुमचे’ फार महत्त्वाचा. त्यात मामाचं आख्खं खानदान येतं.

आणि आत्या. बाबांची मोठी बहीण. मी जन्मायच्या आधीपासून आमच्याकडेच राहते. आत्या रफू करते. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक, शालीला कसरीने खाल्लेलं, शर्टाला खिळ्याने फाडलेलं, काहीही द्या. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून ती दोरे काढते आणि विणीत वीण घालून असं भोक बुजवते की गिऱ्हाईक कपडा उलटासुलटा करून विचारतं, “अहो, पण फाटलं कुठे होतं?”  त्यावर आत्या फक्त नाकपुड्या किंचित फुलवते. तिची मजुरी तीच.

तिचं काम चालतं मागच्या काचघरात. घराच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली ती एक लांबट खोली आहे: तीन बाजूंना काचा, डोक्यावर उतरतं काचेचं छप्पर, मध्ये तपकिरी पट्ट्या. बाकीचं आमचं घर म्हणजे दुपारी बाराला दिवा लावावा असं, कारण दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती खेटून आहेत. उजेड म्हणावा असा तो काचघरातच. आणि आत्याला उजेड हवा, दिवा नको. “ट्यूबलाइटला रंगातलं काय कळतंय?” ती म्हणते. “तिच्याखाली करडा आणि राखाडी जुळे भाऊ दिसतात. बाहेर नेऊन बघा, एकमेकांचं तोंड बघत नाहीत.”

तर ते काचघर यंदा गळायला लागलं.

इतकी वर्षं कधी टिपूस नाही, आणि यंदा जरा मोठा पाऊस झाला की आत्याच्या टेबलावर टप. मग टपटप. बाबांनी दुकानातून सिलिकॉनची ती बंदूक आणली आणि शिडी लावून छपराला जिथे म्हणून रेघ दिसली तिथे ती चालवली. खाली उतरले, हात झटकले आणि म्हणाले, “विषय संपला.” पुढच्या पावसात विषय परत आला. बाबा परत वर गेले. असं करत करत छप्पर केक सजवायला शिकणाऱ्या माणसाच्या पहिल्या केकसारखं दिसायला लागलं, आणि तरी टप.

आई दोनदा म्हणाली, “दादाला बोलवू या का?”

“बंधुराज येईपर्यंत उन्हाळा येईल,” बाबा म्हणाले. “मग आपोआपच गळायचं थांबेल.”

विनोद चांगला होता, मीसुद्धा हसले. पण मग तो कोट भिजला.

एका म्हाताऱ्या गृहस्थांचा लोकरी कोट होता, त्यांच्या थोरल्या भावाचा. खांद्यावर रफू अर्धा झाला होता. आत्या जेवायला आत आली, बाहेर पाऊस कधीच थांबला होता, म्हणून तिने तो टेबलावर तसाच ठेवला. परत जाऊन बघते तर खांद्यावर पाण्याचा थाळीएवढा डाग, आणि आतल्या अस्तराचा तांबडा रंग वर उतरलेला. आत्या रडली वगैरे नाही. तिने कोट तीन वेळा थंड पाण्यातून काढला, डाग घालवला, रफू सगळा उसवून पहिल्यापासून केला आणि गृहस्थांना खरं ते सांगून परत दिला. पण रात्री जेवताना बाबा म्हणाले, “बस झालं. काच काढून टाकू. वर पत्रा घालू. पत्रेवाला ओळखीचा आहे, शनिवारी संध्याकाळी मापं घ्यायला येतोय.”

“आणि उजेड?” आई म्हणाली.

“चार ट्यूब लावून देतो. सहा लावतो. ताई, सहा लावतो.”

“बरं,” आत्या म्हणाली.

बाबांना वाटलं, ती पटून ‘बरं’ म्हणाली. मला आवाज कळतात. हे ‘बरं’ दार ओढून घेतल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दोऱ्यांची रिळं डब्यात भरत होती. एकेक रंग उजेडाला धरायचा, बघायचा, ठेवायचा. मी विचारलं, “आत्ते, हे काय?”

“वाटून टाकते कुणाला तरी. पत्र्याखाली रफू होत नाही गं. ठिगळ होतं.”

मी ते आईला जसंच्या तसं, आत्याच्याच आवाजात सांगितलं. आई भांडी घासत होती. ऐकलं, हात पुसले, फोन उचलला. “दादा, शनिवारी सकाळी ये. आणि ‘थांबा’ म्हणालास तर बहीण नाही म्हणून समज.”

पलीकडून आधी नाकातला लांब श्वास ऐकू आला. मग मामा म्हणाला, “येतो.” आयुष्यात पहिल्यांदा.

शनिवारी मामा आला तो शिडी, एक रबरी नळी आणि खडूच्या पुडीचा डबा घेऊन. अंगात नेहमीचाच मोरपंखी स्वेटर, उजव्या कोपराला लिंबाएवढं भोक. आत्याची नजर थेट त्या कोपरावर गेली आणि तिथेच राहिली. भोक दिसलं की तिला बोलण्यात लक्ष देता येत नाही.

“कधीपासून गळतंय?” मामाने विचारलं.

“यंदापासून.”

“मग यंदा छपराला काय केलंत?”

“काही नाही,” बाबा, आई आणि आत्या एका सुरात म्हणाले. तिघांचं इतकं एकमत आमच्या घरी कधी होत नाही.

मामाने वर बघितलं. बाबांच्या सिलिकॉनवर त्याची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरली. “काही नाही?”

“ते गळायला लागल्यावर लावलंय,” बाबा म्हणाले. “आधी नाही.”

“भावोजी, एक विचारू? हे लावताना तुम्ही रागात होतात का?”

आई पदराआड हसली. बाबा हसले नाहीत. मामा शिडीवर चढून काचांवर बोटाच्या पेराने टकटक करत सगळीकडे फिरला. खाली पन्हळीकडच्या पट्ट्यांची टोकंही त्याने बघितली, एकेक, नाक टेकवून. “हं. इथे भोकं नाहीत. असतात अशीही छपरं,” असं स्वतःशीच पुटपुटला आणि उतरला. हे वाक्य लक्षात ठेवा. हे त्याचं त्या दिवशीचं चुकलेलं वाक्य.

“हे सिलिकॉन सगळं खरवडावं लागेल,” तो म्हणाला.

“सगळं?”

“त्याच्याखाली काय चाललंय ते दिसत नाही. आधी दिसू दे.”

दुपारपर्यंत दोघे मेहुणे छपराच्या दोन बाजूंना शिड्यांवर बसून सिलिकॉन खरवडत होते. मी खालून ऐकत होते. बाबा: “वाजले किती?” मामा: “थांबा.” बाबा: “अहो, वाजले किती विचारतोय, त्यात थांबायचं काय?” मामा: “घड्याळ खिशात आहे, खिसा स्वेटरच्या आत आहे, हातात पातं आहे. थांबा.” मग नुसती खरवड. मग बाबा: “हा तुकडा मात्र मी छान लावला होता.” मामा: “हा छान लावलाय.” आणि मग दोघेही हसल्याचा आवाज आला. मी आणि आईने एकमेकींकडे बघितलं. पंधरा-सोळा वर्षांत हे पहिल्यांदाच होत होतं.

जेवणानंतर मामाने आतून पट्ट्यांवर खडूची पूड भुरभुरली, म्हणजे पाण्याचा ओघळ आला की वाट उमटेल. मग बाहेर जाऊन नळी लावली. खालपासून. “वरून पाणी सोडलं तर सगळीकडेच जातं,” तो मला म्हणाला. “मग गळालं तरी काय कळणार? खालचा सांधा आधी. तो कोरडा राहिला की त्याच्या वरचा. मग त्याच्या वरचा. आणि दर वेळी काय करायचं, पोपटे?”

“थांऽऽऽबा,” मी म्हटलं, त्याच्याच आवाजात.

“शाब्बास. पण ‘बा’ला घाई केलीस.”

खालचा सांधा: काही नाही. मधला: काही नाही. वरचा, जिथे छप्पर घराच्या भिंतीला टेकतं तिथला: काही नाही. पाणी काचेवरून वाहत होतं, खडू आत कोरडाठणठणीत. बाबांचा चेहरा डेपोत एकही बस हलत नसावी तसा झाला. आत्या टेबलापाशी बसली होती, मांडीवर रिळांचा डबा, झाकण लावलेलं. तिने एकदाही वर बघितलं नाही.

“गळत नाहीये तर मग!” बाबा म्हणाले. “पाऊस आला की गळतं, तुम्ही आलात की गळत नाही. हे छप्पर आहे की जावई?”

मामाने नळी बंद केली नाही. वरच्या सांध्यावर ती तशीच धरून तो शिडीवर उभा राहिला. बराच वेळ. चहा झाला. त्याचा चहा कठड्यावर निवला. आई म्हणाली, “दादा, हात भरून आला असेल, उतर.” मामा म्हणाला, “थांबा.” पण आता तो नेहमीचा थांबा नव्हता. त्यात ‘थां’ला पाय पसरलेले नव्हते. तो कान देऊन उभा होता.

“कोट भिजला तेव्हा पाऊस चालू होता?” त्याने वरून विचारलं.

“नाही,” आत्या म्हणाली. तिचा आवाज कितीतरी वेळाने आला. “पाऊस थांबला होता. म्हणून तर मी तो तसाच ठेवला.”

“आणि त्याच्या आधी किती वेळ पडत होता?”

“सकाळपासून.”

मामाने नळी तशीच धरून ठेवली. बाबा दारात जाऊन पत्रेवाला येतोय का बघून आले. आणि मग, अगदी आत्याच्या टेबलाच्या डोक्यावर, छपराच्या खालच्या कडेला, एका पट्टीवरच्या खडूत करडा ठिपका उमटला. तो फुगला. लोंबला. टप.

“गळलं!” आई अशी ओरडली की जणू लॉटरी लागली.

मामाने नळी बंद केली. सगळे वर बघत उभे राहिलो. टप. टप. पाणी बंद, आणि तरी टप.

“बघितलंत?” मामा खाली उतरत म्हणाला. “वरून येणं बंद झालं तरी गळतंय. म्हणजे हे साठलेलं उतरतंय. भावोजी, या पट्टीच्या पोटात चर आहे, बारीकसा. रबरी पट्ट्यांतून थोडं पाणी आत येतंच, कितीही करा. ते चरातून खाली जातं आणि टोकाच्या भोकातून बाहेर पन्हळीत पडतं. आता ते बाहेर पडत नाहीये. चर भरतो, आणि भरला की तुमच्या टेबलावर सांडतो. म्हणून लहान पावसात काही होत नाही. भरायलाच वेळ लागतो.”

“पण सकाळी तुम्हीच म्हणालात, भोकं नाहीत,” बाबा म्हणाले.

“म्हणालो. चुकलो. असायलाच हवीत.” मामाने कान खाजवला. “पण मी नाक लावून बघितलंय हो. सपाट. वरचा रंगसुद्धा तडकलेला नाही. भोकं असून दिसत नाहीत म्हणजे काय भुताटकी आहे? ताई, तुमच्याकडे एखादी जाडी सुई आहे का? टोचून बघतो.”

आत्याने डबा उघडून सुई काढली. “कुठे टोचणार?”

“पट्टीच्या टोकाला, बाहेरून, अगदी खाली. मसुराएवढं भोक असतं. दर पट्टीला एक.”

आत्याचा सुईचा हात हवेतच राहिला.

“ती होय?” ती म्हणाली. “ती मी बुजवली.”

आता इथे मी कुणाकुणाचे आवाज काढू? कुणाचा आलाच नाही. टप, तेवढा आला.

“तू?” शेवटी बाबा म्हणाले.

“गेल्या थंडीत. बारके किडे जात होते त्यातून आत. मला वाटलं कसर असेल. लोकरीचं काम आहे माझं, कसर आत शिरली तर काय उरेल? मग स्टुलावर उभी राहिले आणि लोकरीला मेण चोळून घट्ट भरली. वर पट्टीच्या रंगाचा दोरा आडवा-उभा, आणि त्यावर पुन्हा मेण. दर पट्टीला एक. आठवडा गेला.”

“आणि सकाळी दादाने विचारलं तेव्हा?” आई म्हणाली. “यंदा छपराला काय केलं म्हणून? वन्सं, तुम्ही ‘काही नाही’ म्हणालात!” आई एरवी तिला ताई म्हणते. वन्सं म्हणाली की समजायचं, प्रकरण तापलंय.

आत्या खरंच गोंधळली. “अगं, पण मी छपराला कुठे काही केलं? मी रफू केला. आमच्या कामात केलेलं दिसलं, तर ते केलंच नाही.”

बाबा मटकन खुर्चीत बसले. “मी इतकं सिलिकॉन ओतलं... तेही पगारातलं...”

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” आई म्हणाली, आणि आधी ती हसली, मग मी, मग बाबा डोळे पुसायला लागले. आत्या मात्र हसत नव्हती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आपलं छप्पर आपणच गळवलं, त्या गृहस्थांचा कोट आपल्याच हाताने भिजवला, आणि इतके दिवस धाकट्या भावाला शिडीवर चढवलं, हे सगळं तिच्या एकदमच लक्षात आलं असणार.

मामा हसत नव्हता, पण त्याचं कारण वेगळं होतं. तो स्टूल घेऊन बाहेर गेला होता. सुईच्या टोकाने एका पट्टीचं टोक चाचपत होता. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला भाव होता. मामी त्याच्याविषयी बोलताना जसा चेहरा करते तसा काहीसा.

“ताई,” तो म्हणाला, “तीस वर्षं मी छपरं बघतोय. मला फसवेल असं बुजवलेलं भोक मी कधी बघितलेलं नाही. सुई लावली तेव्हा कळलं. नजरेला नाही कळलं. काय काम आहे हो!”

आत्याच्या नाकपुड्या, अगदी किंचित, फुलल्या.

“पण आता काढावं लागेल,” मामा म्हणाला. “मी नाही काढत. माझ्या हाताने खसकन ओढलं जाईल. तुम्ही घातलंय, तुम्हीच उसवा.”

आत्याला स्वतःचं काम उसवायला लागणं म्हणजे काय, ते कोटाच्या वेळी मी बघितलं होतं. ती स्टुलावर चढली. मामाने स्टूल धरलं, बाबांनी तिचा दुसरा हात धरला. कात्रीच्या टोकाने मेण खरवडलं, सुईने पहिला दोरा उचलला, मग दुसरा. लोकर बाहेर आली, काळी, भिजून फुगलेली. आणि मग पट्टीच्या पोटातून बारीक धार सुटली, सूंऽऽ करत, सरळ पन्हळीत. आतलं टप थांबलं.

“बघ की,” आत्या म्हणाली. एवढंच.

सगळ्या पट्ट्या उसवून होईपर्यंत पत्रेवाला आला. पत्रेवाला म्हणजे ओसंडून वाहणारा उत्साह. दारातूनच: “नमस्कार नमस्कार, काय म्हणता साहेब, काच काढायची ना, दोन दिवसांत टकाटक करून देतो, पुन्हा वर बघायची गरज नाही, कुठे आहे, इकडे का, टेप धरा जरा!” टेप खळकन बाहेर आली आणि त्याने तिचं टोक बाबांच्या हातात दिलंसुद्धा.

बाबांनी टोकाकडे बघितलं. वर काचेकडे बघितलं. आत्याकडे बघितलं, ती स्टुलावरून उतरून, डबा उघडून, एक करडं रीळ उजेडाला धरून उभी होती. आणि मग आमच्या बाबांनी, पाच मिनिटं उशीर झालेली बस बघून ज्यांना ठसका लागतो त्या बाबांनी, उजवा पंजा वर केला, नाकातून एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले:

“थांबा.”

मामाने माझ्याकडे बघितलं. “‘बा’ला घाई केली,” तो कुजबुजला. “पण पहिल्यांदा आहे, ठीक आहे.”

पत्रेवाला चहा पिऊन गेला. जाताना त्याच्या बाहीला फाटलेलं आत्याने बघितलं आणि त्याचा शर्ट तिथेच ठेवून घेतला असता. आईने अडवलं म्हणून तो शर्टासकट घरी पोचला. पण दोनच दिवसांनी शर्ट घेऊन तो आपणहून आला.

किड्यांचं काय, हा प्रश्न राहिलाच होता. मामाने त्या सगळ्या भोकांवर बाहेरून बारीक जाळी चिकटवून दिली, पाणी बाहेर जाईल पण किडा आत येणार नाही अशी. जाळी कापली आत्याने. कडा एवढ्या सारख्या की मामा एकेक तुकडा हातात घेऊन बघत बसायचा आणि बाबा म्हणायचे, “लावा आता, अहो लावा!” पण ते नुसतं म्हणायचं म्हणून. मी ऐकलं ना. त्यात दम नव्हता.

त्यानंतरचा मोठा पाऊस दोन दिवस पडला. आम्ही चौघंही काचघरात बसलो होतो. आत्याच्या टेबलावर कुणाची तरी राखाडी शाल पसरलेली, बिनधास्त, वर पाण्याचा धो धो. बाबा मधूनच उठून दार उघडायचे, पन्हळीकडे कान द्यायचे आणि परत येऊन सांगायचे, “पडतंय बाहेर. सगळ्यांतून पडतंय.” प्रत्येक वेळी नव्याने, जणू सगळ्या बसगाड्या वेळेवर सुटल्या. आत्या मान न उचलता म्हणाली, “माझ्यामुळे तुला किती चढ-उतर करायला लागली रे.” बाबा म्हणाले, “ताई, लहानपणी माझी एकही चड्डी तू फाटकी राहू दिली नाहीस. दोन शिड्या काय घेऊन बसलीस?” आणि घाईघाईने पुन्हा पन्हळीकडे गेले.

राहिला मामाचा स्वेटर. आत्याने त्याला निरोप पाठवला: कोपर द्या. मामाचं उत्तर काय आलं ते सांगायला नको. शेवटी आत्यानेच मामीला सांगून तो त्याच्या नकळत आणवला. मोरपंखी रंग जुळवायला तिला दोन दुपारी लागल्या; एक रीळ उजेडात धरायचं, नाही, दुसरं, नाही. तिसऱ्यावर थांबली. शाल बाजूला, गिऱ्हाइकं बाजूला, आधी कोपर.

परवा मामा तो घालून आला. खुर्चीत बसला, हात वर करून कोपर उजेडात फिरवलं, पुन्हा फिरवलं, बोटाने चाचपलं. आत्या समोर बसून शिवत होती, मान खाली.

“सापडलं?” तिने विचारलं.

मामाने डोळे अर्धे मिटले. नाकातून लांब श्वास घेतला.

“थांऽऽऽबा,” तो म्हणाला. “शोधतोय.”

आत्याने या वेळी नाकपुड्या फुलवल्या नाहीत. ती चक्क हसली, दात दिसतील अशी, आणि डोक्यावरच्या काचेतून सगळा उजेड तिच्या तोंडावर पडला होता.